तेल, मेण आणि शिकलगार

जुलैमध्ये भाटघरच्या धरणावर उभे राहिले की समोरचे डोंगर बहुतेक वेळा दिसतच नाहीत. वेळवंडीच्या खोऱ्यावर ढग उतरलेले असतात. ते जरा हलले की उत्तरेला राजगडाची रांग आणि भोरच्या पलीकडे, दक्षिणेला, रोहिड्याचा माथा क्षणभर दिसतो. धरण इंग्रजांच्या काळातले. जलाशयाला आज येसाजी कंकांचे नाव आहे. या दिवसांत इथल्या घरांमधले विळे-कोयते चार दिवस हाताळले नाहीत तर लाल पडतात, दारांच्या बिजागऱ्या धरतात. मग साडेतीनशे वर्षांपूर्वी या किल्ल्यांवरच्या तोफा आणि बंदुका चार महिन्यांच्या पावसात टिकत कशा होत्या?

आपल्याकडे शस्त्रांचा इतिहास म्हणजे शस्त्र चालवणाऱ्यांचा इतिहास. शस्त्र जपणाऱ्यांबद्दल कुणी फारसे विचारत नाही. पण जपल्याशिवाय बंदूक चालत नाही, हे त्या काळच्या साध्या शिपायालाही माहीत होते.

कारण दारूतच आहे. सोरा, गंधक आणि कोळसा यांची ती काळी दारू पेटली की सगळीच धूर होऊन जात नाही. निम्म्याहून अधिक भाग घन रूपात उरतो आणि त्यातला बराच नळीत काजळीसारखा चिकटतो. त्यात क्षार असतात आणि क्षार हवेतले पाणी ओढतात. मावळच्या हवेत न पुसलेली नळी रातोरात गंजायला लागते. नुसते तेल लावून भागत नाही, कारण क्षार तेलात विरघळत नाहीत. आधी ओल्या चिंधीने नळी धुवायची, मग कोरडी करायची आणि मगच तेलाचा हात द्यायचा. तोफेत ओला बोळा फिरवण्याचे आणखी एक कारण होते. आत एखादी ठिणगी राहिली असेल तर ती विझायची. नाहीतर पुढची दारू भरतानाच गोलंदाजाचा हात जायचा.

हे सगळे राज्यकर्त्यांच्या लक्षात होते, याचा पुरावा ‘आज्ञापत्र’ आहे. 1715च्या सुमारास कोल्हापूर दरबारात तयार झालेला हा राजनीतीचा ग्रंथ रामचंद्रपंत अमात्यांच्या नावावर आहे. राजाराम महाराज जिंजीला असताना रामचंद्रपंत आणि शंकराजी नारायण सचिव या दोघांनी इकडचा कारभार सांभाळला. त्याच शंकराजींच्या घराण्याचे पुढे भोर संस्थान झाले. म्हणजे ‘आज्ञापत्रा’तली किल्ल्यांची प्रकरणे वाचताना डोळ्यांसमोर राजगड-तोरण्याचा पाऊस आणला तर वावगे होणार नाही.

त्यात दुर्गांच्या व्यवस्थेत बारीकसारीक गोष्टी येतात. दारूखाना वस्तीपासून दूर असावा. दर आठ-पंधरा दिवसांनी दारू बाहेर काढून ऊन दाखवावे आणि पुन्हा बंद करून ठेवावी. पावसाळ्यात तोफांना आणि दरवाजांना तेल-मेण द्यावे, तोफेचा कान मेणाने बुजवावा, वरून आच्छादन घालावे. ज्या ग्रंथात राजाने कसे वागावे हे सांगितले आहे, त्याच ग्रंथात तोफेला तेल कधी लावावे हेही आहे. राज्य अशाच गोष्टींवर उभे असते.

आता या कामाचे शब्द पाहा. तोफ तुर्कीतून आली. बंदूक अरबी-फारसी वाटेने. नळीत घालायचा गज फारसी. गोलंदाज, तोफखाना, कारखाना हेही तिकडचेच. ‘दारू’चा मूळ फारसी अर्थ औषध. काडतूस आणि पिस्तूल पोर्तुगीजांकडून आले. पण तेल, मेण आणि कान हे शब्द घरचे. रामचंद्रपंतांना मिळालेला ‘हुकूमतपनाह’ हा किताबसुद्धा फारसीच. कुणाची किती भर, हे या शब्दांमधून वेगळे काढून दाखवता येणार नाही.

शस्त्रांची निगा हाच ज्यांचा पेशा होता, त्यांचे नावही याच मिश्रणातून आले आहे. सैकल म्हणजे घासून आणलेली चकाकी, हा अरबी शब्द. ती आणणारा सैकलगर, आणि मराठीत तो झाला शिकलगार. तलवार, कट्यार, भाला यांचा गंज काढायचा, धार लावायची, पाते चकचकीत करायचे, हे त्याचे काम. सातारा, सांगली, कोल्हापूर भागात शिकलगार आडनावाची मुस्लिम कुटुंबे आजही भेटतात. शासनाच्या भटक्या जमातींच्या यादीतही हे नाव आहे.

1818 मध्ये पेशवाई संपली, फौजा मोडल्या. 1878च्या शस्त्र कायद्याने हत्यार बाळगायला परवाना लागू लागला. तलवारी घरात राहिल्या त्या खंडेनवमीला पुसून पूजा करण्यापुरत्या. शिकलगाराच्या सहाणेवर मग कात्र्या, अडकित्ते आणि विळे आले. आमच्या लहानपणी बकरी ईदच्या आधी सायकलला सहाण लावलेला माणूस मोहल्ल्यात यायचा. एका पायाने पायडल मारत सुऱ्यांना धार लावायचा आणि शेवटी बोटभर तेल पात्यावर फिरवून सुरी परत द्यायचा. हे शेवटचे तेल कशाला, असे एकदा विचारल्यावर म्हणाला, “धार माझी, पण टिकवायची तुम्ही.”

हेच तेल एकदा सगळ्या हिंदुस्थानच्या इतिहासात आले. एन्फिल्ड रायफलच्या नळीत आट्या होत्या. काजळी साचली की गोळी आत उतरत नसे, म्हणून काडतुसाच्या कागदाला वंगण लावलेले असे. ते गाईच्या आणि डुकराच्या चरबीचे आहे अशी बातमी शिपायांत पसरली. जानेवारी 1857 मध्येच सरकारने शिपायांना आपापले वंगण लावण्याची मुभा दिली. वंगण कोणते, तर मेण आणि तेल! सव्वाशेहून अधिक वर्षांपूर्वी ‘आज्ञापत्रा’त सांगितलेल्या त्याच दोन वस्तू. पण तोवर उशीर झाला होता. शिपायांनी मग कागदावरच संशय घेतला. 31 जुलैला कोल्हापुरात 27व्या पलटणीने बंड केले. 1857ची कारणे अनेक आहेत, एका काडतुसात ती मावत नाहीत. तरी एवढे दिसते की बंदुकीला काय लावायचे यापेक्षा ते कोण देतो आणि त्याच्यावर विश्वास आहे का, हा प्रश्न मोठा होता. हिंदू आणि मुस्लिम शिपायाला तो एकाच वेळी पडला.

आज शिवकाळातल्या मुसलमानांचा विषय निघाला की मोबाइलवर नावांच्या याद्या फिरतात. एक जण यादी टाकतो, दुसरा ती खोटी ठरवतो. आपलेही अनेक मित्र निष्ठेचा दाखला असल्यासारखी ती यादी खिशात घेऊन फिरतात. संशोधकांनी नावे तपासावीत, ते काम आवश्यकच आहे. पण आपण या मातीतले आहोत हे सिद्ध करायला सरदारांची यादी लागावी, हे मला पटत नाही. पावसात तोफेचा कान मेणाने बुजवणाऱ्याचे नाव कुठल्याच यादीत नाही, त्याची जात आणि धर्मही नोंदलेला नाही. शिकलगाराचे तर फक्त आडनाव उरले आहे.

पुढच्या वेळी किल्ल्यावर गेलात आणि उघड्यावर पडलेली, पोपडे सुटलेली लोखंडी तोफ दिसली, तर तिच्यासोबत फोटो काढण्याआधी तिच्या कानात बोट घालून पाहा. बहुधा तिथे पावसाचे पाणी असेल. एके काळी तिथे मेण असे, आणि ते लावायला दर पावसाळ्याआधी कुणीतरी येत असे.