१० जून २०१९ : ली ही-हो यांचे निधन

दक्षिण कोरियाचे माजी अध्यक्ष किम दे-जुंग यांच्या पत्नी ली ही-हो यांचे १० जून २०१९ रोजी निधन झाले. पतीमुळेच त्यांना नाव मिळाले, हा आक्षेप त्यांच्या चरित्रापुढे टिकत नाही. १९६२मध्ये विवाह झाला तेव्हा त्या अमेरिकेत शिकून आलेल्या, स्त्रीहक्कांसाठी झटणाऱ्या नामवंत कार्यकर्त्या होत्या. किम मात्र दोन मुलांचे विधुर वडील, सत्तेबाहेरचे राजकारणी. १९८०मध्ये लष्करी राजवटीने किम यांना फाशीची शिक्षा सुनावली. तेव्हा ली यांनी तुरुंगात धाडलेली असंख्य पत्रे आणि परदेशांत मागितलेली दाद याला निव्वळ पत्नीधर्म म्हणणे अन्यायाचे आहे. तो लोकशाहीचा लढाच होता. पुढे किम अध्यक्ष असताना, २००१मध्ये, स्त्री-पुरुष समानतेसाठी स्वतंत्र मंत्रालय झाले. श्रेय सरकारचे, हे मान्य. पण त्या प्रश्नावर ली १९५०च्या दशकापासून काम करत होत्या. पतीच्या निधनानंतर २०११मध्ये, वयाची नव्वदी गाठत असताना, उत्तर कोरियाचे दिवंगत नेते किम जोंग-इल यांना श्रद्धांजली वाहण्यासाठी त्या प्योंगयांगलाही गेल्या.