जुन्या गाडीचं इंजिन गचके खातंय? आधी हे तपासा

कारापूर : साखळी-केरीमार्गे चोर्ला घाट चढताना जुनी पद्मिनी किंवा अ‍ॅम्बेसेडर गचके खाऊ लागली, तर पुढे वळण आणि मागे ट्रक अशी पंचाईत होते. दोष घाटाआधीच शोधावा; कार्बुरेटर लगेच खोलू नये.

चोक थोडा ओढा. इंजिन सुधारलं, तर पेट्रोल कमी पडतंय किंवा हवा जास्त शिरतेय. जेटमधला कचरा, मॅनिफोल्डचं गॅस्केट, व्हॅक्यूमचा पाइप बघा.

टाकीचं झाकण सैल केल्यावर फरक पडला, तर हवेचं भोक बुजलंय.

तापल्यावरच त्रास होत असेल, तर पाइपात पेट्रोलची वाफ होत असावी. थांबून इंजिन थंड होऊ द्या.

इथेनॉलमिश्रित पेट्रोलनं जुने रबरी पाइप खराब होतात, ते बदला. गळती शोधायला तापल्या इंजिनवर पेट्रोल शिंपडू नका, भडका उडेल.