भगताच्या दारी मानसशास्त्र
ठाण्यात १९०१ साली मनोरुग्णालय उभे राहिले, तरी त्याच जिल्ह्यातल्या शहापूर-मुरबाडच्या पाड्यांवर मनाचे दुखणे भूत उतरवणाऱ्या भगताच्याच दारी जात राहिले. नुसत्या इमारतीने समज पसरत नाही. मनोविकारतज्ज्ञ डॉ. आनंद नाडकर्णींनी १९९० साली ठाण्यात 'आयपीएच' ही मानसिक आरोग्याची संस्था काढून मानसशास्त्र मराठीतून लोकांपुढे मांडले. केंद्र मात्र शहरच. भगत जवळचा, आपल्या बोलीत धीर देणारा, त्याला का हटवायचे, असे कोणी म्हणेल. देऊ दे की धीर! २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्याचा रोख आहे तो भूत उतरवायला माणसाला दोराने बांधण्यावर, मिरचीची धुरी देण्यावर. पण कायदा धुरी थांबवील, आजार समजावणार नाही. ते काम भगताला सोबत घेऊन, पाड्याच्या बोलीतच करावे लागेल.