अल्टिमा : चाळीस वर्षांपूर्वीचा खेळ आज खेळावा का?

#थ्रेड #इतिहास #संगणकीय_खेळ

१. सप्टेंबर १९८५ मध्ये अमेरिकेत ‘अल्टिमा ४ : क्वेस्ट ऑफ द अवतार’ हा संगणकीय खेळ विक्रीस आला. त्यात जगाचा नाश करू पाहणारा दुष्ट जादूगार नव्हता, शेवटी ठार मारायचा राक्षसही नव्हता. खेळाडूने सद्गुणी माणूस व्हायचे, हेच त्याचे उद्दिष्ट होते. चाळीस वर्षांनंतर हा खेळ आणि त्याची मालिका एखाद्या इतिहासप्रेमी तरुणाने खेळावी का? की तिच्याविषयी वाचले तरी पुरे?

२. हा प्रश्न वाटतो तितका किरकोळ नाही. इतिहासाच्या अभ्यासात मूळ साधन आणि दुय्यम लेखन यांत भेद केला जातो. बखर वाचणे वेगळे, बखरीचा सारांश वाचणे वेगळे. दुसऱ्याने खेळलेल्या खेळाची चित्रफीत पाहणे हा सारांशाचाच प्रकार आहे. मात्र मूळ साधनाची किंमत येथे वेळेत मोजावी लागते. या मालिकेतील एकेक मोठा भाग कित्येक तास घेतो. म्हणून निर्णयापूर्वी थोडी पार्श्वभूमी हवी.

३. मालिकेचा कर्ता रिचर्ड गॅरियट. जन्म १९६१, इंग्लंडमधील केंब्रिज येथे. बालपण अमेरिकेत, टेक्सासमधील ह्यूस्टनजवळ. वडील ओवेन गॅरियट हे नासाचे अंतराळवीर. १९७३ मध्ये ते स्कायलॅबवर राहून आले होते. मुलाला मात्र टॉल्किनच्या कादंबऱ्या आणि १९७४ साली प्रसिद्ध झालेला ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ हा कागद-फाशांचा खेळ यांनी झपाटले. शाळेतल्या टेलिटाइप यंत्रावर त्याने अशा खेळांचे एकामागून एक प्रयोग लिहिले.

४. १९७९ च्या उन्हाळ्यात तो एका संगणकाच्या दुकानात कामाला होता. तेथे त्याने अ‍ॅपल २ साठी लिहिलेला ‘अकॅलाबेथ’ प्लास्टिकच्या पिशव्यांत भरून विक्रीला ठेवला. पुढे कॅलिफोर्नियातील एका प्रकाशकाने तो घेतला. गॅरियट यांच्या सांगण्यानुसार त्याच्या सुमारे ३०,००० प्रती विकल्या गेल्या आणि प्रत्येक प्रतीमागे त्यांना ५ डॉलर मिळाले. एकट्या विद्यार्थ्याने लिहिलेला खेळ देशभर पोहोचू शकत होता, असा तो काळ होता.

५. ‘अल्टिमा’चा पहिला भाग १९८१ चा, दुसरा १९८२ चा, तिसरा १९८३ चा. तलवारी आणि जादू यांच्या जोडीला पहिल्या भागात अंतराळयानेही आहेत; सुचेल ते त्यात घातलेले दिसते. तिसऱ्या भागात चार जणांची तुकडी आली, लढाईसाठी स्वतंत्र पडदा आला. जपानच्या युजी होरी यांनी ‘अल्टिमा’ आणि ‘विझर्ड्री’ या दोन मालिकांपासून प्रेरणा घेऊन १९८६ मध्ये ‘ड्रॅगन क्वेस्ट’ घडवला. आजच्या जपानी भूमिकाप्रधान खेळांच्या वंशावळीत ‘अल्टिमा’चे नाव येते ते यामुळे.

६. १९८३ मध्ये गॅरियट बंधूंनी ‘ओरिजिन सिस्टिम्स’ ही स्वतःची कंपनी काढली. खेळाडूंची पत्रे आता थेट लेखकाच्या हाती येऊ लागली. लोक खेळात दुकानदारांना लुटत होते, निरपराध गावकऱ्यांना मारत होते आणि शेवटी ‘वीर’ म्हणून मिरवत होते. काही पत्रांत तर हा खेळ सैतानी असल्याचा आरोप होता. ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ मुलांना बिघडवतो अशी भीती तेव्हा अमेरिकेत पसरली होती. १९८३ मध्ये त्याविरुद्ध एक संघटनाही उभी राहिली होती.

७. गॅरियट यांनी आरोप नुसता फेटाळला नाही. चौथा भाग हेच त्याचे उत्तर ठरले. सत्य, प्रेम आणि धैर्य ही तीन तत्त्वे आणि त्यांतून निघणारे आठ सद्गुण त्यांनी योजले : प्रामाणिकपणा, करुणा, शौर्य, न्याय, त्याग, सन्मान, अध्यात्म आणि नम्रता. तीन तत्त्वांची कल्पना ‘द विझर्ड ऑफ ऑझ’मधून सुचली, असे त्यांनी सांगितले आहे. त्या कथेत बुजगावण्याला बुद्धी हवी असते, पत्र्याच्या माणसाला हृदय आणि सिंहाला धैर्य.

८. आठही सद्गुण सिद्ध करणाऱ्याला खेळात ‘अवतार’ म्हणतात. मराठी वाचकाला हा शब्द दशावतारामुळे घरचा आहे, पण येथे त्याची दिशा उलटी आहे. संस्कृतात अवतार म्हणजे खाली उतरणे : देव मनुष्यरूपात पृथ्वीवर येतो. ‘अल्टिमा’त माणूस आचरणाने वर चढत अवतार होतो. आपल्या परंपरेत त्याला साधक किंवा सिद्ध म्हटले गेले असते. अध्यात्माच्या देवस्थानात ध्यान करताना टंकायचा मंत्र चक्क ‘ओम’ आहे.

९. या उसनवारीचा परिणाम दूरवर गेला. १९८६ च्या ‘हॅबिटॅट’ या ऑनलाइन खेळात पडद्यावरच्या आकृत्यांना हाच शब्द वापरला गेला. नील स्टीफनसन यांच्या १९९२ च्या ‘स्नो क्रॅश’ या कादंबरीने तो रूढ केला. आज खात्यावर लावलेल्या चित्राला ‘अवतार’ म्हणणाऱ्यांपैकी फार थोड्यांना या प्रवासातला ‘अल्टिमा ४’ हा टप्पा माहीत असतो.

१०. खेळ सद्गुण मोजतो कसा? एक उदाहरण पुरेसे आहे. जादूसाठी लागणाऱ्या वनस्पती विकणारी बाई आंधळी आहे. ती किंमत सांगते आणि खेळाडूने किती नाणी दिली ते स्वतः टंकायचे असते. एकच नाणे दिले तरी माल मिळतो. ती काही बोलत नाही, पडद्यावर इशारा येत नाही, शिक्षा होत नाही. फक्त प्रामाणिकपणाचा लपवलेला आकडा गुपचूप खाली येतो.

११. इतर हिशेबही असेच चालतात. भिकाऱ्याला दान दिले तर करुणा वाढते. उपचारगृहात रक्तदान केले तर त्याग वाढतो, पण स्वतःची शक्ती घटते. लढाईतून पळ काढला तर शौर्य घटते. बोलण्यात बढाई मारली तर नम्रता जाते. आपण कुठवर आलो हे कळण्यासाठी राजवाड्यातील हॉकविंड या द्रष्ट्याला विचारावे लागते, आणि तोही आकडे सांगत नाही.

१२. ‘खेळावे का’ याचे पहिले उत्तर येथे मिळते. आंधळ्या विक्रेतीचा प्रसंग वाचायला अर्धे मिनिट लागते आणि वाचणारा प्रत्येक जण मनात पूर्ण पैसे देतो. खेळताना खिशात मोजकी नाणी उरलेली असतात, सोबती जखमी असतात, अन्न संपत आलेले असते. तेव्हा बोटे कोणता आकडा टंकतात, हे सारांश वाचून कळत नाही. १९८५ च्या खेळाडूपुढे लेखकाने जो पेच टाकला, तो आजही जसाच्या तसा पुढे येतो.

१३. १९८८ चा पाचवा भाग आणखी पुढे जातो. राजा लॉर्ड ब्रिटिश बेपत्ता आहे आणि ब्लॅकथॉर्न हा कारभारी सद्गुणांचे कायदे करतो. खोटे बोलणाऱ्याची जीभ छाटायची, अशा थराचे ते कायदे आहेत. मागच्या भागात जी साधना होती, ती आता दंडसत्ता झाली. नीती राजाज्ञेने लादली की तिचे काय होते, हा इतिहासाच्या कोणत्याही विद्यार्थ्याच्या ओळखीचा प्रश्न येथे खेळाचा विषय झाला आहे. गावकऱ्यांना दिवस-रात्रीची दिनचर्याही याच भागात मिळाली.

१४. (शेवट आधी कळायला नको असेल त्यांनी हा परिच्छेद सोडावा.) १९९० च्या सहाव्या भागात गार्गॉइल नावाचे राक्षस राज्यावर चाल करून येतात. हळूहळू कळते की त्यांचीही भाषा आहे, लिपी आहे, नीतिशास्त्र आहे. चौथ्या भागात खेळाडूने मोठ्या अभिमानाने मिळवलेला ज्ञानग्रंथ त्यांचा होता आणि तो नेल्यापासून त्यांची भूमी कोसळते आहे. त्यांच्या ग्रंथांत ‘अवतार’ हा खोटा प्रेषित आहे. जेत्याची बखर आणि पराभूताची बखर एकाच मालिकेत समोरासमोर येतात.

१५. पण हा धक्का कोणाला बसतो? ज्याने चौथा भाग खेळला आहे त्यालाच. ज्याने तो केवळ वाचला, त्याला ती एक चांगली कल्पना वाटते; ज्याने खेळला, त्याच्यावर तो आरोप असतो. मालिका क्रमाने खेळण्याच्या बाजूचा हा सर्वांत बळकट युक्तिवाद आहे.

१६. १९९२ चा सातवा भाग अनेकांच्या मते मालिकेचे शिखर. ट्रिन्सिक शहरातील एका भीषण खुनापासून तो सुरू होतो आणि ‘फेलोशिप’ या गोड बोलणाऱ्या पंथापर्यंत जाऊन पोहोचतो. पिठात पाणी घालून कणीक करावी आणि भट्टीत पाव भाजावा, इतके ते जग हाताळता येते. त्याच वर्षी ‘इलेक्ट्रॉनिक आर्ट्स’ने ओरिजिन विकत घेतली. आठवा भाग (१९९४) घाईत आला, नववा (१९९९) दोषांसह आला. १९९७ चा ‘अल्टिमा ऑनलाइन’ मात्र यशस्वी ठरला. २००४ मध्ये ओरिजिन बंद झाली.

१७. आता विरुद्ध बाजू. चौथ्या भागात उंदीर नाही. जवळपास प्रत्येक आज्ञेला कळफलकावरचे एक अक्षर आहे. संवाद साधायचा तर ‘नाव’, ‘काम’ असे शब्द इंग्रजीत टंकावे लागतात आणि कोणता शब्द विचारायचा हे आधीच्या बोलण्यातून ताडावे लागते. कोणी काय सांगितले याची नोंद खेळ ठेवत नाही. लढाया पुष्कळ आणि बऱ्याचशा एकसारख्या आहेत. दैव सांगणाऱ्या ‘जिप्सी’ स्त्रीचे चित्रण रोमा समाजाविषयीच्या जुन्या साच्यातून आले आहे, हेही डोळ्यांआड करता येत नाही.

१८. मराठी वाचकाला यात एक लाभही आहे. येथे नव्वदच्या दशकात वाढलेल्या पिढीच्या आठवणीत कॅसेटवरचे ‘मारिओ’ आणि ‘काँट्रा’ आहेत. ‘अल्टिमा’ फारसा कोणाच्या बालपणाचा भाग नाही. त्यामुळे स्मरणरंजनाचा चष्मा नाही. हा खेळ चांगला वाटला तर तो स्वतःच्या बळावर वाटेल, आणि कंटाळवाणा वाटला तर ते म्हणायलाही संकोच नको.

१९. साधन हाती आहे, ही गोष्टही लहान नाही. व्हिडिओ गेम हिस्टरी फाउंडेशनच्या २०२३ च्या अभ्यासानुसार २०१० पूर्वी अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या खेळांपैकी ८७ टक्के खेळ आज बाजारात उपलब्ध नाहीत. ‘अल्टिमा’चे मुख्य भाग मात्र ‘गॉग’ या विक्रीस्थळावर कायदेशीर मिळत आले आहेत आणि चौथा भाग तर विनामूल्य दिला गेला आहे. ‘डॉसबॉक्स’ या प्रणालीमुळे ते साध्या लॅपटॉपवर चालतात.

२०. तरीही मिळते ते संपूर्ण साधन नव्हे. १९८५ च्या खोक्यात कापडी नकाशा, धातूचे आंख चिन्ह आणि दोन पुस्तिका होत्या. एक ब्रिटानियाच्या इतिहासाची, दुसरी मंत्रविद्येची. अर्धी माहिती त्या पुस्तिकांत आहे. त्यांच्या डिजिटल प्रती खेळासोबत मिळतात. त्या न वाचता खेळ सुरू करणारे बहुधा तासाभरात वैतागून थांबतात आणि दोष खेळाला देतात.

२१. तर निर्णय असा करता येईल. पहिले तीन भाग अर्धा-अर्धा तास पाहावेत, पूर्ण करण्याचा हट्ट नको. चौथ्या भागाला तीन संध्याकाळी द्याव्यात : पहिली पुस्तिकांना, उरलेल्या दोन वही-पेन घेऊन खेळाला. रस वाटला तर पाचवा, सहावा आणि सातवा याच क्रमाने घ्यावा. फक्त एकच भाग खेळायला वेळ असेल तर सातवा अधिक सुसह्य आहे, पण चौथा अधिक मोलाचा. आठव्या-नवव्याविषयी वाचले तरी चालेल.

२२. तीन संध्याकाळींनंतर रस वाटला नाही, तर खुशाल सोडून द्यावा. प्रत्येक साधन प्रत्येक अभ्यासकासाठी नसते. मात्र सोडण्यापूर्वी वनस्पतींच्या दुकानात एकदा जाऊन यावे आणि आपण किती नाणी टंकली ते वहीत लिहून ठेवावे.