पाण्याने पेललेले डोंगर

डोंगर आपल्या जागेवरून हलत नाहीत, ही आम्हां सर्वांची बाळपणापासूनची समजूत. स्वित्झर्लंडच्या ग्लारुस प्रांतात एकोणिसाव्या शतकातील भूशास्त्रज्ञांना मात्र निराळेच काही दिसले. तेथे पंचवीस कोटी वर्षांपूर्वीचे खडक वर आणि पाच कोटी वर्षांच्या आतले खाली, आणि दोहोंमधील रेघ सुरीने कापल्यासारखी सरळ! आर्नोल्ड एशर याने हे पाहिले होते. पण असे छापले तर लोक आपल्याला वेड्यांच्या इस्पितळात धाडतील, असे तो म्हणे, अशी आख्यायिका आहे. पुढे १८८४ साली मार्सेल बर्त्रां या फ्रेंच पंडिताने स्पष्टच सांगितले, की वरचा सगळा थर दक्षिणेकडून सरकत येऊन खालच्यावर बसला आहे.

सरकला, हे मानले. पण सरकला कसा? १९०९ साली स्मोलुखोव्स्की या पोलिश पदार्थवैज्ञानिकाने हिशेब मांडला. एवढी अजस्र शिळा मागून ढकलू म्हटले, तर तळाच्या घर्षणावर मात करण्यापूर्वी ढकलणारी बाजूच चुरडून जाईल. हिशेब चोख होता आणि डोंगर तर समोर सरकलेला होता. शास्त्राच्या इतिहासात असे प्रसंग फार मोलाचे असतात, असे आम्हांस वाटते.

कोडे सुटण्यास आरंभ झाला तो डोंगरात नव्हे, इमारतींच्या पायाखालच्या चिखलात. इस्तंबूलच्या एका महाविद्यालयात शिकवीत असताना कार्ल टेरझागी ओल्या चिकणमातीवर वजने ठेवून पाहत होता. त्याच्या ध्यानात आले, की वजन नुसती माती पेलत नाही; तिच्या कणांमध्ये कोंडलेले पाणीही त्यातला वाटा उचलते. पाणी निसटले तर भार कणांवर येतो आणि माती घट्ट होते. निसटण्यास वाट नसेल, तर पाण्याचा दाब वाढतो, कण एकमेकांवर पुरते टेकतच नाहीत आणि घर्षण उरते ते नावापुरते. १९२५ साली त्याचा ग्रंथ निघाला. तो वाचला स्थापत्यविशारदांनी. डोंगरवाल्यांचे तिकडे फारसे लक्ष गेले नाही.

ते लक्ष वेधले १९५९ साली, किंग हबर्ट आणि विल्यम रूबी या दोघां अमेरिकनांनी. तेलाच्या खोल विहिरींत कधी कधी वरच्या सगळ्या खडकाच्या वजनाइतका दाब आढळतो, हे त्यांस ठाऊक होते. त्यांनी एक गमतीचा प्रयोग दाखविला. बियरचा रिकामा डबा थंड करून ओल्या काचेवर पालथा ठेवायचा. आतली हवा तापून फुगू लागली, की ती डब्याचे वजन उचलून धरते आणि काच जेमतेम एक अंश कलती असली तरी डबा घसरत जातो. डब्याचा दृष्टान्त डोंगराला तंतोतंत लागू नाही, असे आक्षेप पुढे निघाले, आणि ते खरेही आहेत. पण मुद्दा टिकला. डेन्व्हरजवळच्या लष्करी कारखान्याने १९६२ साली आपले सांडपाणी सुमारे ३,६७० मीटर खोल विहिरीत दाबण्यास सुरुवात केली आणि लवकरच तेथे भूकंप होऊ लागले. आपल्याकडे १९६७ साली कोयनेस जे घडले, त्यातही जलाशयाच्या पाण्याचा हात असल्याचे बहुतेक अभ्यासक मानतात.

परंतु या गोष्टीचे खरे घर समुद्राखाली आहे. सागरतळाचे एक कवच जेथे दुसऱ्याखाली शिरते, तेथे वरचा गाळ खरवडला जाऊन ढिगारा होतो. काही गाळ खालीच ओढला जातो. या कोवळ्या गाळात निम्मे पाणीच असते. चिकणमातीची छिद्रे इतकी बारीक, की वरचे ओझे वाढते त्या वेगाने पाणी बाहेर पडू शकत नाही. १९८१ साली बार्बाडोसजवळ ग्लोमार चॅलेंजर जहाजाची नळी अशाच ठिकाणी अडकून बसली आणि अनायासे दाब मोजला गेला. तो वरच्या गाळाच्या भाराच्या जवळपास निघाला!

एवढा मऊ चिखल भूकंप काय करणार, तो हळूहळू सरकत राहील, असा पुष्कळांचा अदमास होता. ११ मार्च २०११ रोजी जपानच्या ईशान्येस तो खोटा ठरला. खंदकाजवळचा हाच गाळ सुमारे पन्नास मीटर सरकला. जी लाट उठली तीत अठरा हजारांहून अधिक माणसे मृत वा बेपत्ता झाली. पुढील वर्षी चिक्यू जहाजाने सुमारे ६,९०० मीटर पाण्याखाली भोक पाडले. तळापासून ८२० मीटर खाली सापडला पाच मीटरहूनही पातळ चिकणमातीचा पट्टा. घसरण होऊन दीड वर्ष होत आले असताही तो भोवतालापेक्षा अंशाच्या तिसऱ्या हिश्श्याने ऊन होता. त्यावरून काढलेले घर्षण कोरड्या खडकाच्या सातव्या-आठव्या हिश्श्याइतकेच भरले. घसरताना कोंडलेले पाणी तापून फुगते, दाब वाढतो आणि घसरण आणखी सोपी होते, असा तर्क आहे. आम्हांस तो पटतो.

श्रोतेहो, हे सारे दूरचे वाटेल, म्हणून एक जवळचे सांगतो. हिंगलाज मातेच्या वाटेवर यात्रेकरू चंद्रगुप नावाच्या चिखलाच्या डोंगरावर चढून त्याच्या बुडबुडणाऱ्या मुखात नारळ टाकतात. तो चिखल वर ढकलणारा दाब हाच. मकरानचा तो किनारा म्हणजे अरबी समुद्राचा तळ उत्तरेस खाली शिरण्याची जागा, आणि तेथील गाळ काही ठिकाणी सात किलोमीटर जाड आहे. २८ नोव्हेंबर १९४५ रोजी तेथे मोठा भूकंप झाला, समुद्रात चिखलाची बेटे वर आली, आणि त्याची लाट मुंबईपर्यंत पोचून येथेही माणसे बुडाली. तो हलला होता किनाऱ्याचा पूर्व भाग. इराणकडच्या पश्चिम भागात तसा मोठा भूकंप अलीकडच्या शतकांत झालेला नाही. तेथला गाळ निमूट सरकतो आहे, की ताण साठवून बसला आहे, यावर अजून एकमत झालेले नाही.