जि.प.ची जीप

आमच्या वाडीत डांबराआधी जीप इली. तेव्हा मालवण रत्नागिरी जिल्ह्यात होतं. 1962 साली जिल्हा परिषदा झाल्या आणि साहेब जीपमधून फिरू लागले. 'जि.प.ची जीप' म्हणून म्हातारे हसायचे.

या गाडीचं मूळ अमेरिकेत, पेनसिल्व्हेनियातल्या बटलर गावात. 1930 साली तिथं इंग्रजांच्या ऑस्टिन सेव्हनवरून एक चिमुकली मोटार निघाली, अमेरिकन ऑस्टिन. मोठ्या गाड्यांच्या त्या देशात ती घेणार कोण? त्यात मंदी. 1934 साली कंपनी बुडाली आणि पुढे बँटम नावानं उभी राहिली. बँटम म्हणजे बुटका, पण झुंजार कोंबडा.

1940 च्या जुलैत अमेरिकन लष्करानं 135 कंपन्यांकडे हलकी, चारही चाकं ओढणारी गाडी मागितली. नमुना 49 दिवसांत हवा. ती मुदत एकट्या बँटमनं कबूल केली. कार्ल प्रोब्स्टनं दोन दिवसांत आराखडे काढले. 23 सप्टेंबरला, मुदत संपायला अर्धा तास असताना, गाडी छावणीत हजर! ती पसंतही पडली. पण लष्करानं तेच आराखडे विलीस आणि फोर्डला दाखवले, आणि मोठं कंत्राट त्यांना गेलं. युद्धात सहा लाखांवर जीपा झाल्या. बँटमच्या वाट्याला तीन हजारही नाहीत, नंतर नुसते ट्रेलर. आयत्या बिळावर नागोबा, दुसरं काय!

विलीसची तीच जीप 1949 साली मुंबईत माझगावला महिंद्रांकडे जोडली जाऊ लागली, आणि सरकारी खात्यांतून कोकणात उतरली. रुंदी जेमतेम पाच फूट. दोन गडग्यांमधल्या पाणंदीतून ती सरळ जाई. बसायला मात्र हाडं खिळखिळी! आतला छोटा दांडा ओढला की पुढची चाकंही ओढू लागत. मग चिखल असो की वहाळ.

माझी आत्या भर पावसात बाळंतपणात अडली. साकव वाहून गेलेला, डोलीचे भोई अलीकडेच थांबलेले. दौऱ्यावर आलेल्या सरकारी जीपचा ड्रायव्हर म्हणाला, "वयनीक मागे निजवा, दोघांनी धरून बसा." बोनेटपर्यंत पाणी असताना त्यानं गाडी पार केली. खाजगी कामाला गाडी नेणं नियमात नव्हतं, म्हणून लॉगबुकात त्यानं 'साकव पाहणी' असं लिहिलं.

झिल झालो. साठी गाठली तरी घरात त्याला 'जीपो'च म्हणतात.