फवाऱ्यामागचा हात : पेणची मूर्ती आणि रंगयंत्राचा इतिहास

१/ पेणच्या गणेशमूर्तीच्या गालावरची गुलाबी छटा नेमकी कुठे सुरू होते आणि कुठे विरते, हे बोट ठेवून दाखवता येत नाही. ती कुंचल्याने काढलेली नसते. हवेच्या दाबाने उडालेल्या रंगतुषारांची असते. या तुषारांवर ताबा हाताचा असावा की यंत्राचा, या प्रश्नाला सुमारे ९० वर्षांचा इतिहास आहे.

२/ रायगड जिल्ह्यातील पेणमध्ये मूर्तिकला शंभराहून अधिक वर्षे नांदत आहे. देवधरांसारख्या घराण्यांनी ती रुजवली. १८९० च्या दशकात लोकमान्य टिळकांनी गणेशोत्सवाला सार्वजनिक रूप दिले आणि मागणी वाढत गेली. पुढे हमरापूर, जोहे, कळवे, तांबडशेत अशा आसपासच्या गावांतही हा व्यवसाय पसरला.

३/ साच्यातून निघालेली मूर्ती वाळते, घासली जाते, तिला पांढरा हात दिला जातो. मग स्प्रेगनने देहवर्ण आणि छटा चढतात. त्यानंतर पीतांबर, दागिने, सोनेरी काम. डोळ्यांची आखणी मात्र बारीक कुंचल्याने, स्थिर हाताने होते. म्हणजे फवाऱ्याचे आगमन होऊनही कुंचला गेला नाही. दोघांनी काम वाटून घेतले.

४/ हा फवारा आला कुठून? १८७९ मध्ये अमेरिकेच्या आयोवा राज्यात अ‍ॅबनर पीलर यांनी एअरब्रशचे आद्य रूप तयार केले. १८९३ च्या सुमारास चार्ल्स बर्डिक यांनी त्याला आजच्या लेखणीसारखा आकार दिला. स्प्रेगनचा उगम तर वैद्यकात आहे. डॉ. अ‍ॅलन डिव्हिल्बिस यांनी घशात औषध फवारण्याचे उपकरण बनवले होते. त्यांचे पुत्र थॉमस यांनी १९०७ मध्ये तेच तत्त्व रंगकामाला लावले.

५/ तत्त्व सोपे, ताबा अवघड. अंतर, वेग, कोन आणि घोडा या चार गोष्टी एकाच वेळी सांभाळाव्या लागतात. नळी जवळ आली किंवा रेंगाळली, की रंग ओघळतो. दूर गेली, की तुषार वाटेतच सुकून पृष्ठभाग खरखरीत होतो. म्हणून जाणता कारागीर हात आधी हलवतो आणि घोडा नंतर दाबतो. थांबताना घोडा आधी सोडतो.

६/ हे यंत्राकडून करून घेण्याची कल्पना जुनी आहे. विलर्ड पोलार्ड यांनी रंग फवारणाऱ्या यंत्रासाठी १९३४ मध्ये पेटंटचा अर्ज केला. ते १९४० मध्ये मंजूर झाले. पण प्रत्यक्ष कारखान्यात उपयोगी पडलेला रंगारी यंत्रमानव त्यानंतर बऱ्याच वर्षांनी, नॉर्वेत घडला.

७/ ब्रिने गावातील ट्राल्फा हा कारखाना मालवाहू हातगाड्या बनवत असे. रंगकामाच्या घाणेरड्या, आरोग्याला घातक खोलीत काम करायला माणसे मिळेनात. १९६७ मध्ये ओले मोलाउग यांनी त्यावर यंत्र उभारले. कुशल रंगाऱ्याने यंत्राचा हात धरून एकदा वस्तू रंगवायची. ती हालचाल चुंबकीय फितीवर नोंदली जाई आणि यंत्र ती पुन्हा पुन्हा करी. यंत्राला रंगवणे शिकवले ते माणसाच्या हातानेच.

८/ आज असे यंत्र घरीही जुळवता येते. २००५ मध्ये इटलीत अर्डुइनो हे स्वस्त नियंत्रक आले. २००९ मध्ये त्यासाठी जीआरबीएल ही मुक्त प्रणाली आली, तीही एका नॉर्वेजियन अभियंत्याची. स्टेपर मोटर एका फेऱ्यात २०० पावले टाकते. प्रत्येक पावलाचे १६ भाग केले आणि एका फेऱ्यात पट्टा ४० मिलिमीटर सरकला, तर एका मिलिमीटरला ८० सूक्ष्म पावले पडतात. घोड्याची जागा छोटी सर्व्हो मोटर घेते.

९/ एवढी अचूकता मूर्तीला पुरेल का? सपाट फळ्यावर पुरते. मूर्तीला मात्र सोंडेची वळणे, कानांमागची खोली, हातांच्या आडची पोट-मांडी असते. फिरता पाट आणि नळीला कलण्याची सोय हवी. शिवाय शाडू सर्वत्र सारखा वाळत नाही आणि पावसाळी दमट हवेत रंग उशिरा सुकतो. कारागीर ते डोळ्यांनी पाहून हात बदलतो. नोंदलेली हालचाल बदलत नाही.

१०/ मे २०२० मध्ये केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने मूर्तींबाबत सुधारित मार्गदर्शक तत्त्वे काढली. प्लास्टर ऑफ पॅरिस टाळावे, रंग बिनविषारी असावेत, हा त्यांचा रोख. रंग बदलला, की दाटपणा बदलतो. मग दाब, अंतर, वेग सारेच नव्याने जुळवावे लागते. हे जुळवणारा अनुभवी हात नसेल, तर यंत्रापाशी नोंदवण्यासारखे काहीच उरत नाही.

११/ यंत्राची बाजूही खरी आहे. बंद खोलीत तासन् तास रंगतुषार श्वासात जाणे कोणाच्याही छातीला चांगले नाही, आणि सणाआधीची घाई निर्दय असते. नॉर्वेत यंत्र आले तेही माणसाची त्या खोलीतून सुटका व्हावी म्हणून. परंतु फितीवर ज्याची कला उतरली, त्या रंगाऱ्याचे नाव इतिहासात क्वचितच आढळते. पेणमध्ये उद्या असे यंत्र उभे राहिले, तर ते किती सूक्ष्म पावले टाकते याआधी विचारावे लागेल की हालचाल कोणाच्या हाताची नोंदली, आणि त्या हाताला त्याचा वाटा मिळाला का.